ओट्यावरचं इंग्रजी

"बाहेर बसून शिकवता येतं का इंग्रजी?"

प्रश्न आत माजघरात विचारला गेला होता. मी ओट्यावर उभी होते आणि दार उघडं होतं. विचारणारी त्या घरची सासू. तिचा मोठा मुलगा सरकारी बांधकामांवर ओव्हरसियर होता. उत्तर त्यानं दिलं.

"इंग्रजी तोंडानं शिकवायचं असतं, माय. त्याला घरात कशाला यावं लागतं?"

"मंग शिकवू द्या. एखादं बारदान टाका तिला."

थोड्या वेळानं त्या घरची सून बाहेर आली. हातात घडी केलेलं बारदान होतं. ओट्याच्या कोपऱ्यात खांबाला लागून एक बसका दगड होता. तिनं ते बारदान दुरूनच त्या दगडावर टाकलं, आणि मागं फिरून उंबरठ्याच्या आत पाटावर बसली. माझ्यापेक्षा दोनतीन वर्षांनी मोठी असेल. गोरी, अंगानं भरलेली, कपाळावर मोठं कुंकू.

"हं, शिकव," ती म्हणाली.

मी बसले. बारदानाला सरकीचा वास होता.

हे अंबडमधलं. बहात्तरचा दुष्काळ सरून एक-दोन वर्षं झाली होती, आणि अंबड तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यात होतं. माझे वडील प्राथमिक शाळेत मास्तर. आमच्या घरानं छप्पनच्या दीक्षेनंतर देव्हारा काढला होता, आणि त्या रिकाम्या कोनाड्यात वडिलांनी पुस्तकं लावली होती. त्याच जिद्दीनं त्यांनी मला जालन्याला मिशनच्या इंग्रजी शाळेत घातलं, बोर्डिंगात ठेवलं. मॅट्रिक होऊन मी घरी परतले तेव्हा माझ्याकडे पुष्कळ इंग्रजी होतं आणि ते बोलायला माणूस नव्हतं. बोर्डिंगात मी कमी बोलायचे, घरी त्याहून कमी. मराठी बोलले तर आई म्हणायची, "छापल्यावानी बोलून राह्यलीस." म्हणून मी बघत राहायचे.

ओव्हरसियर स्वतः आमच्या वस्तीत आला होता. मोटारसायकलीवरून उतरला नाही, इंजिनही बंद केलं नाही, पण आला. "मास्तर, तुमची पोरगी इंग्रजी शाळेतली आहे म्हणं. आमच्या घरात जरा शिकवायचंय." वडिलांनी त्या दिवशी शाळेतून येऊन कोटसुद्धा काढला नव्हता. गाडी गेल्यावर आईला म्हणाले, "पाह्यलंस? ते घर आपल्या दारात विद्या मागायला आलं." ते वाक्य त्यांनी नंतर दोन ठिकाणी सांगितलेलं मी ऐकलं. त्यामुळं मी कुठं बसून शिकवते हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. ते रोज विचारायचे, "आज काय शिकवलं?" आणि मी शब्द सांगायचे.

वहिनी, म्हणजे ती सून, पिंपळगाव रेणुकाईकडची. घरची शेती, सातवीपर्यंत शाळा. लग्नाला तीन वर्षं झालेली आणि मूल नव्हतं. नवऱ्याची, म्हणजे ओव्हरसियरची, बदली औरंगाबादला होणार होती. तिथं सरकारी क्वार्टर, शेजारीपाजारी साहेबलोक, त्यांच्या बायका. त्यानं एका जेवणाच्या वेळी सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं की बायको चारचौघांत उभी करण्यासारखी झाली तर नेईन, नाही तर ती इथंच आईजवळ राहील. औरंगाबादेत मोठे साहेब होते. ते अंबडकडं दौऱ्यावर यायचे होते, बायकोला घेऊन, आणि या घरी चहाला. त्या दिवशी वहिनीनं मॅडमचं स्वागत इंग्रजीत करायचं. नीट झालं तर तिची पेटी ट्रकमध्ये चढणार.

पेटी तयार होती. हिरव्या रंगाची पत्र्याची पेटी माजघराच्या भिंतीशी उभी असायची, ओट्यावरून मला दिसायची. वहिनी मला म्हणाली होती, "इथं राह्यले तर टाकलेलीच म्हणतील मला. तीन वर्षांत न्हाई झालं, त्यात नवऱ्यानं मागं ठिवलेली. मंग माझ्या सासूला कुणाचीच भीती उरणार न्हाई." हे ती काही मन मोकळं करावं म्हणून बोलली नव्हती. माझ्याकडून काम जल्दी व्हावं म्हणून बोलली होती. पण ते खरं होतं.

आम्ही साध्या शब्दांपासून सुरुवात केली. गुड मॉर्निंग तिला येत होतं. थँक यूसुद्धा.

"प्लीज म्हणजे?"

"कृपया."

"कृपया तर एसटीत लिहितात. बाहेर डोकावू नये."

"विनंती असते. समोरच्यानं ऐकावं म्हणून आधी लावायचा शब्द."

"आन् लावला की ऐकतात?"

"ऐकायला पाहिजे."

ती हसली. डाळ निवडत होती, त्यातला खडा माझ्या दिशेनं ओट्यावर टाकत म्हणाली, "मंग ह्या घरात ह्याचं काई काम न्हाई बाई. पुढचा सांग."

सॉरीचंही तसंच झालं. तिला वाटलं, सॉरी हे मोठ्या चुकीसाठी असतं. मी सांगितलं, धक्का लागला तरी म्हणतात, शिंक आली तरी म्हणतात, वेळ झाला तरी म्हणतात. "म्हणजे दिवसभर माफीच मागत्यात का इंग्रज?" असं म्हणून ती थांबली. "मी बी मागती दिवसभर. पण माझ्याकडं एवढा छोटा शब्द न्हाई."

पाणी मागितलं की ती तांब्या घेऊन उंबरठ्याशी यायची आणि वरून धार धरायची. मी ओंजळ करायचे. तेवढ्या वेळात ती शब्द पाठ म्हणायची, तांब्या एका लयीत कलता ठेवून. वॉटर. ग्लास ऑफ वॉटर. माझ्या बाह्या भिजायच्या.

मॅडम येतील तेव्हा काय काय म्हणायचं ते मी ठरवून दिलं आणि आम्ही त्याची रोज तालीम करायचो. पाहुणी मी. मी ओट्याच्या पायऱ्या उतरून खाली जायचे, पुन्हा चढून यायचे, कडी वाजवायचे. वहिनी दाराच्या दोन्ही फळ्या उघडून उंबरठ्यावर उभी राहायची.

"गुड आफ्टरनून, मॅडम. प्लीज कम इन."

"थँक यू," मी म्हणायचे, आणि जिथं उभी असायचे तिथंच राहायचे.

"प्लीज टेक युअर सीट."

असं म्हणताना हात करून जागा दाखवायची, असं मी शिकवलं होतं. वहिनी हात करायची. हात दगडाकडं जायचा, बारदानाकडं. मी जाऊन तिथं बसायचे.

"मेक युअरसेल्फ ॲट होम."

याचा अर्थ तिनं पहिल्या दिवशी विचारला होता. मी सांगितलं, आपलंच घर समजा. तिनं मान हलवली, वाक्य दोनदा घोकलं आणि बरोबर माझ्या तोंडाकडं बघून म्हणून दाखवलं. तिच्या चेहऱ्यावर काहीही हललं नाही. ती पाठांतर करत होती.

मग चहा विचारायचा. मी यस प्लीज म्हणायचे. चहा नसायचा. वहिनी रिकाम्या हातानं कप पुढं करायची, मी रिकाम्या हातानं घ्यायचे, आणि आतून सासू म्हणायची, "झाला का गं पाहुणचार? साखर बराबर हाय ना?" मग ती मोठ्यानं हसायची, वहिनीही तोंडाला पदर लावायची, आणि मी पुन्हा खाली उतरून कडी वाजवायला यायचे.

वहिनी हुशार होती. पंधरवड्यात तिचे उच्चार सुधारले. कम इन म्हणताना आवाज चढा ठेवायचा, सीटचा ट हलका सोडायचा, हे तिला लवकर जमलं. तिचा हात दर वेळी दगडाकडं जातो हे मी पाहत होते. शब्द सुधारणं हे माझं काम होतं. हात तिचा होता.

ओव्हरसियरनं औरंगाबादहून वाक्प्रचारांचं एक छोटं पुस्तक आणलं होतं. ते तो बायकोला देत नसे. स्वतःच वाचायचा आणि रात्री जेवताना तिच्यावर वापरायचा. ब्रेक द आइस म्हणजे काय, सांग. ती सांगायची, बरफ फोडणे. मग जेवणारे सगळे हसायचे आणि अर्थ न सांगताच तो हात धुवायला उठायचा. दुसऱ्या दिवशी ती मला विचारायची. मी अर्थ सांगायचे. अशी आमची शिकवणी त्याच्या ताटावरून माझ्या बारदानावर यायची.

एक दिवस वहिनी खुशीत होती. मी पायऱ्या चढते तोच म्हणाली, "काल मला एक नाव दिलं ह्यांनी. सगळ्यांसमोर."

"काय?"

"व्हाइट एलिफंट." तिनं उच्चार अगदी नीट केला. "पांढरा हत्ती ना? मला येतो अर्थ. व्हाइट तू शिकवला, एलिफंट मला शाळेतला ठाऊक होता. लक्ष्मीच्या फोटोत असतो तसा." ती आपल्या हाताकडं, गोऱ्या मनगटाकडं बघत होती. "मी लाजले मंग. वाढता वाढता भात सांडला माझ्या हातून."

"ते लोक हसले का?"

"हसले ना. थट्टा असती नवराबायकोची."

गप्प बसणं मला चांगलं यायचं. पण तिनं पुन्हा विचारलं, कारण तिला माझ्या तोंडून ऐकायचं होतं. "सांग ना. शुभ असतो ना त्यो?"

"तो वाक्प्रचार आहे," मी म्हणाले. "पोसायला महाग आणि उपयोग काही नाही, अशी वस्तू. ठेवताही येत नाही, टाकताही येत नाही."

मी शाळेत जसा पाठ केला होता तसाच अर्थ सांगितला, एकही शब्द कमी-जास्त न करता. तिच्या हातात सूप होतं. ती त्यातले गहू दोनदा पाखडून तिसऱ्यांदा पाखडत राहिली.

"उपयोग न्हाई म्हणजे," ती शेवटी म्हणाली, "लेकरू न्हाई म्हणून?"

"ते पुस्तकात नाही."

ती उठली, बाहेर आली. मला वाटलं आता माझ्या अंगावर हात टाकेल, पण ती मला शिवणार कशी? तिनं लांबूनच पायाच्या बोटानं बारदानाचं टोक ओढलं. मी उठल्यावर ते ओट्याखाली ढकलून दिलं.

"आज दगडावरच बस. फार येतं तुला."

वैशाखाचं ऊन उतरतीला लागलं होतं आणि दगड दुपारभर तापलेला होता. मी बसले. आम्ही तालीम केली. "मेक युअरसेल्फ ॲट होम," वहिनी म्हणाली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा ते वाक्य तिनं अर्थ कळून म्हटलं. तिच्या आवाजावरून मला ते समजलं. दुसऱ्या दिवशी बारदान पुन्हा जागेवर होतं.

मोठे साहेब यायच्या आधल्या दिवशी मी ओट्यावर होते आणि आत बोलणं चाललं होतं.

"त्ये साहेब त्यांच्यातलेच हायेत म्हणं," सासू म्हणत होती. त्यांच्यातले म्हणताना तिनं दाराकडं मान वळवली असणार.

"असतील," ओव्हरसियर म्हणाला. "साहेबाला जात नसती, माय. साहेब म्हणजे साहेब. माझी बदली त्यांच्या सहीवर हाय."

"मी काई म्हणून राह्यले का? येऊ द्या, बसू द्या खुर्चीवर. तेवढं कपबश्या नव्या आणा म्हणले. मागून गड्याला देऊन टाकू."

"आणल्यात. बाहेरच्या खोक्यात हायेत. आपल्या भांड्यांत मिसळू नका."

वहिनी उंबरठ्याच्या आत बसून ऐकत होती. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. पुढचं वाक्य कोणतं, एवढंच विचारलं.

संध्याकाळी मी वडिलांना सांगितलं की उद्या येणारे साहेब आपले आहेत. ते बाजेवर पडले होते, उठून बसले. नाव विचारलं, शिक्षण विचारलं, कुठल्या गावचे ते विचारलं. मला काहीच माहीत नव्हतं. "एवढ्या मोठ्या जागेवर," ते म्हणत राहिले. मग म्हणाले, "तू असशील तिथं. त्यांच्या मंडळींना माझा जयभीम सांग. मास्तरांची मुलगी म्हणून ओळख दे. बैठकीत बोलताना मान वर ठेव." बैठकीत, असं ते म्हणाले. आईनं माझी पांढरी साडी काढून ठेवली.

दुसऱ्या दिवशी ती साडी नेसून मी गेले. ओव्हरसियरनं माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाला, "तू मागं बस, परसात. हिला काही अडलं तर आवाज देतील." मी घराला वळसा घालून बोळीतून मागं गेले आणि चुलीच्या लाकडांजवळ उभी राहिले. मागचं दार आणि पुढचं दार समोरासमोर होती. मधलं माजघर ओलांडून मला ओटा सरळ दिसत होता, एखाद्या चौकटीत बसवल्यासारखा.

घर झाडून पुसून घेतलं होतं. बैठकीत वेताच्या खुर्च्या मांडल्या होत्या, टेबलावर भरतकामाचा रुमाल. वहिनीच्या अंगावर पैठणी होती. ती हिरव्या पेटीपाशी उभी राहून ओठ हलवत होती. सगळं आवरलं होतं, पण ओट्यावरचं बारदान कुणी उचललं नव्हतं. रोज बघून ते कुणाला दिसेनासं झालं असावं.

जीप थांबल्याचा आवाज आला. साहेब ड्रायव्हरशी काही बोलत खालीच थांबले, ओव्हरसियर त्यांच्यापुढं वाकून उभा. मॅडम एकट्याच पायऱ्या चढून आल्या. काळ्यासावळ्या, उंच, साधी निळी साडी, डोळ्यांना चष्मा. त्यांनी कडी वाजवली.

वहिनीनं दोन्ही फळ्या उघडल्या.

"गुड आफ्टरनून, मॅडम. प्लीज कम इन."

असा सुरेख उच्चार तिनं तालमीत कधी केला नव्हता. मॅडमना ते आवडलेलं दिसलं. "थँक यू," त्या म्हणाल्या आणि त्यांनी पाऊल पुढं टाकलं.

वहिनी हलली नाही. तिच्या तालमीत पाहुणी कधी पुढं येत नव्हती. थँक यूनंतर पाहुणी थांबायची आणि वहिनीनं पुढचं वाक्य म्हणायचं. मॅडमचा पाय उंबरठ्याला टेकला, समोर वहिनी भिंतीसारखी उभी, दोघींच्या साड्या एकमेकींना लागल्या. मॅडम एक पाऊल मागं सरल्या, आणि पाहुणी जागेवर आली असं वाटून वहिनीनं पुढचं वाक्य घेतलं.

"प्लीज टेक युअर सीट."

हात गेला. रोज जायचा तिथंच गेला.

मॅडमनी त्या हाताच्या दिशेनं मान वळवली. खांब, दगड, दगडावर घडी घातलेलं बारदान. त्यांना ते काय आहे हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. ते मला त्यांच्या पाठीवरून, एवढ्या लांबून कळलं.

"हिअर?" त्यांनी विचारलं.

"यस, मॅडम," वहिनी म्हणाली. हसत म्हणाली, पाठ केलेलं एकही वाक्य चुकलं नव्हतं म्हणून. "मेक युअरसेल्फ ॲट होम."

सासू आतून धावत आली आणि दारापर्यंत येऊन थांबली. साहेबांचं बोलणं थांबलं. ओव्हरसियर तीन पायऱ्या एकदम चढून वर आला. त्यानं दगड पाहिला, बायकोचा अजून पसरलेला हात पाहिला.

"मॅडम, तसं काही नाही... मॅडम, ही अडाणी आहे, हिला समजत नाही काही..." आणि मग इंग्रजी बोलायला हवं हे आठवून, हसायचा प्रयत्न करत तो म्हणाला, "व्हाइट एलिफंट, मॅडम. माय व्हाइट एलिफंट."

मॅडम हसल्या नाहीत. वहिनीचा हात खाली आला. आता तिला त्या दोन शब्दांचा अर्थ येत होता.

"कुणी शिकवलं तुला हे?" ओव्हरसियरनं तिला मराठीत विचारलं. आवाज हळू होता. तो आवाज ऐकून सासूनं एक पाऊल मागं घेतलं.

वहिनी मागं वळली आणि सगळं माजघर ओलांडून तिनं माझ्याकडं बोट केलं. "बाईनं. तिनंच असं शिकवलंय."

"ए, इकडं ये! जल्दी!" ओव्हरसियर ओरडला. "घरातून ये."

"बोळीतून ये गं," सासू म्हणाली.

मी बोळीतून गेले. शेणाचा सडा नुकताच टाकला होता, पांढऱ्या साडीचा काठ भिजला. ओट्याच्या पायऱ्या चढताना मी चौथीवर थांबले. साहेब खाली जीपला टेकून होते. मॅडमनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. साडी, काठ, पायरीखाली काढून ठेवलेल्या माझ्या चपला.

"हे मॅडमला सांग," ओव्हरसियर म्हणाला. "खुर्ची कुठं दाखवायची ते तू हिला नीट शिकवलं न्हाईस. तुझी चूक झाली. सॉरी म्हण. एवढा छोटा तर शब्द हाय."

म्हणजे वहिनीनं त्याला ते सांगितलं होतं. छोट्या शब्दाचं. कधी तरी, कुठल्या तरी जेवणात.

मी सॉरी म्हटलं असतं तर ते सगळ्यांना पुरलं असतं. सगळे बैठकीत गेले असते, नव्या कपांत चहा झाला असता, पेटी ट्रकमध्ये चढली असती. संध्याकाळी वडिलांनी विचारलं असतं, जयभीम सांगितला का? वहिनी दाराच्या फळीला धरून उभी होती. गोऱ्या चेहऱ्याला घाम सुटून कुंकू नाकावर उतरलं होतं. ती माझ्याकडं बघत होती, आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदा तिची नजर पाठांतराची नव्हती.

"प्लीज," ती मला म्हणाली.

बरोबर म्हणाली. जिथं लावायचा तिथं लावला, जसा शिकवला तसा.

मॅडमनी चष्मा काढला. "बारदान कुणासाठी आहे?" असं त्यांनी विचारलं नाही. त्यांनी मला फक्त इंग्रजीत विचारलं, "यू टॉट हर?"

"यस, मॅडम."

"देन व्हाय डिड शी पॉइंट देअर?"

मी वहिनीकडं पाहिलं. मी आता जे म्हणणार होते त्यातला प्रत्येक शब्द तिला येत होता. मीच शिकवला होता, उच्चारासकट. तिला अर्थ विचारावा लागणार नव्हता.

"आय सिट देअर, मॅडम," मी म्हणाले. "एव्हरी डे."